दातांची ‘कीड’ आणि रमजानचे तीस दिवस

असरची नमाज झाली की वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या मशिदीसमोरचा रस्ता बदलून जातो. मंगरुळपीर असो, कारंजा असो की रिसोड, चित्र एकच. खजुराचे ढीग, कापलेली टरबुजे, गरम भजी, फेणी, टोप्या, अत्तराच्या बाटल्या. त्यातच एखाद्या टोपलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मिसवाकच्या जुड्या. अकरा महिने जिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही, ती काडी या महिन्यात हातोहात संपते.

याच गर्दीत एखादी आई सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात धरून चाललेली असते. मुलाचा गाल सुजलेला. रात्रभर दाढ ठणकली, लवंग दाबून धरली, मेडिकलमधून गोळी आणून दिली, पहाटे कसाबसा झोपला. ओळखीची बाई विचारते, डॉक्टरला दाखवलं का? उत्तर जवळजवळ ठरलेले असते : ‘‘ईद हो जाने दो बाजी, फिर देखेंगे. दूध के दांत हैं, गिरनेवालेच हैं.’’

एकाच रस्त्यावरची ही दोन दृश्ये आहेत. तोंडाच्या स्वच्छतेला इबादतीचा भाग मानणारा समाज त्याच महिन्यात मुलांच्या दातदुखीला ‘नंतर पाहू’ म्हणतो. यात श्रद्धेची कमतरता नाही आणि नेहमी पैशांचीही नसते. दात कशाने किडतात आणि कशाने वाचतात, याची उत्तरे वैद्यकीय संशोधनाने कधीच शोधून ठेवली आहेत. ती मशिदीच्या माइकपर्यंत, उर्दू शाळेच्या वर्गापर्यंत आणि सहरीच्या चुलीपर्यंत पोहोचलेली नाहीत. रमजान हा ती पोहोचवण्याचा सर्वांत सोयीचा महिना आहे.

किडा नाही, आम्ल आहे

पहिली अडचण शब्दातच आहे. मराठीत दाताला ‘कीड’ लागते, उर्दूत ‘कीड़ा’ लगता है. शब्दच असा, की दातात खरोखर काही वळवळते आहे असे वाटावे. आठवडी बाजारात कानाशी नळी धरून किंवा धुरी देऊन दातातला किडा ‘काढून’ दाखवणारे लोक याच समजुतीवर पोट भरत आले.

दातात अळी नसते. दातावर जमणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू असतात. साखर मिळाली की ते तिचे आम्ल करतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच हे आम्ल दाताच्या कवचातून कॅल्शियम ओढू लागते. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते आणि गेलेले क्षार थोडेफार परत आणून बसवते. या उलट प्रवासाला साधारण अर्धा ते एक तास लागतो. अमेरिकी संशोधक स्टीफन यांनी 1940 च्या दशकात हा चढउतार मोजून दाखवला आणि आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो आलेख त्यांच्याच नावाने शिकवतात.

रमजानचे वेळापत्रक या आलेखाशेजारी ठेवून पाहावे. दिवसभर तोंड कोरडे, म्हणजे लाळ कमी. मगरिबला खजूर आणि सरबत. जेवणानंतर गोड. तरावीहहून परतताना चौकात पुन्हा सरबत किंवा चहा. रात्री जागरण, गप्पा, अधूनमधून काहीतरी तोंडात. पहाटे सहरीला दूध-फेणी किंवा शेवया आणि फजर पढून लगेच झोप. झोपेत लाळ सर्वांत कमी असते. म्हणजे दाताला सावरायला हवा असलेला तास रात्रभरात फारसा मिळतच नाही आणि शेवटचा गोड घास तोंडात घेऊनच माणूस झोपतो.

किती गोड, यापेक्षा किती वेळा

या मुद्द्यावरचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत लाजिरवाणा प्रयोग स्वीडनमधला आहे. लुंड शहरातील विपेहोल्म या संस्थेत 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना वेगवेगळ्या पद्धतीने साखर देऊन त्यांचे दात कसे किडतात ते पाहिले गेले. काहींना जेवणासोबत साखर मिळाली, तर काहींना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी. जेवणासोबत भरपूर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळेत टॉफी चघळणाऱ्यांचे मात्र भराभर किडले. त्या रुग्णांना कुणी संमती विचारली नव्हती. आज कुठलीही संशोधन समिती असा प्रयोग होऊ देणार नाही. पण ज्यांच्या दातांच्या मोलाने हे ज्ञान मिळाले, त्यांचे ऋण निदान ते वापरून तरी फेडावे.

त्याचा अर्थ खजुराला दोष द्यावा असा नाही. रोजा खजुराने सोडणे ही सुन्नत आहे आणि दिवसभराच्या उपवासानंतर शरीराला लगेच ताकद देणारे दुसरे सोपे फळ नाही. खजूर चिकट आहे, त्यात निम्म्याहून जास्त साखर आहे, पण तो एकदाच खाल्ला, त्यावर पाणी प्यायले, चूळ भरली आणि पुढे जेवण झाले, तर लाळ आपले काम करते. नुकसान होते ते रात्री बारापर्यंत पुरवून पुरवून प्यायलेल्या लाल सरबताने. दर अर्ध्या तासाला एक घोट म्हणजे दर अर्ध्या तासाला आम्लाचा नवा हल्ला.

यात सर्वांत जास्त भरडली जातात ती रोजा न ठेवणारी लहान मुले. ती दिवसाही खातात आणि मोठ्यांबरोबर रात्रीही. इफ्तारच्या दस्तरख्वानवर पहिला हात त्यांचा, सहरीला जाग आली तर फेणीची वाटी त्यांची, आणि ईदीच्या नोटा गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात. लाड करणाऱ्या दादी-नानीच्या प्रेमाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण ‘दुधाचे दात पडणारच’ हे वाक्य मात्र टाकून द्यायला हवे. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या सडल्या की मूल नीट चावत नाही, झोपत नाही, शाळेत लक्ष देत नाही. त्या वेळेआधी काढाव्या लागल्या तर खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा बिघडते.

हे काही एका समाजाचे दुखणे नाही. भारतीय दंत परिषदेने 2002-03 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे 51 कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आणि उपचाराविना आहेत.

मिसवाकचे खरे श्रेय

मिसवाकवर बरेच संशोधन झाले आहे आणि ते तिची मान उंचावणारे आहे. पीलूच्या झाडाची ही काडी नीट चावून, मऊ कुंचा करून वापरली तर दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी होते, असे सौदी अरेबियात झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत दिसले. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी 2011 मध्ये या मुळातला जंतुनाशक घटक ओळखला. जागतिक आरोग्य संघटनेनेही, जिथे दात घासायला काडी वापरण्याची रीत आहे तिथे ती चालू ठेवायला पाठिंबा दिला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातातली कडुनिंबाची किंवा बाभळीची काडीही याच घराण्यातली आहे.

पण श्रेय तेवढेच द्यावे जेवढे सिद्ध झाले आहे. मोबाइलवर फिरणारे ‘मिसवाकने सत्तर रोग बरे होतात’ छापाचे संदेश मिसवाकची शान वाढवत नाहीत. बहुतेक चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या आहेत आणि त्यांनी मोजला तो थर आणि हिरड्या. कीड रोखण्याच्या बाबतीत मिसवाक फ्लोराइडच्या पेस्टची जागा घेते, असे कुणी दाखवलेले नाही. काडीतून लाळेत उतरणारे फ्लोराइड नगण्य असते. काडी आडवी, जोर लावून घासली तर हिरड्या मागे सरकतात, हेही आढळले आहे. दाढांच्या आतल्या बाजूला ती सहज पोहोचत नाही.

उलट फ्लोराइडच्या पेस्टबद्दलचा पुरावा फार भक्कम आहे. मुलांवर झालेल्या सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लोराइडच्या पेस्टने कीड सरासरी 24 टक्क्यांनी कमी झाली, असे त्यातून निघाले. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. म्हणून ‘मिसवाक की ब्रश’ हा वादच चुकीचा आहे. वुजूच्या वेळी मिसवाक आणि दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्ट, ही दोन्ही एका घरात सुखाने नांदू शकतात. उम्मतीला जड जाईल ही काळजी नसती तर प्रत्येक नमाजला मिसवाकचा हुकूम दिला असता, या आशयाची हदीस सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात काडीइतकीच त्या काडीमागच्या स्वच्छतेची किंमत सांगितली आहे.

फ्लोराइड म्हटले की विदर्भात एक रास्त शंका येते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात आणि पुढे चंद्रपूर भागात बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी झालेली आणि हाडे वाकलेली माणसे लोकांनी पाहिली आहेत. मग तेच पेस्टमध्ये कशाला? फरक मात्रेचा आणि वाटेचा आहे. तिथे ते वर्षानुवर्षे रोज पोटात गेले. पेस्ट दातांवर लावून थुंकायची असते. भारतात पेस्टमधील फ्लोराइडला 1000 पीपीएमची कमाल मर्यादा आहे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचे तपासणीत निघाले असेल, तिथे आधी डॉक्टरांना विचारावे. आणि ‘हर्बल’ किंवा ‘मिसवाकयुक्त’ लिहिलेली ट्यूब घेताना मागची बाजू वाचावी. त्यात फ्लोराइड असेलच असे नाही.

रोजा आणि ब्रश

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ब्रश केल्याने रोजा तुटतो का? हनफी उलेमांच्या मते रोजात मिसवाक कोणत्याही वेळी चालते. पेस्टची चव घशाकडे जाण्याची भीती असते म्हणून रोजाच्या वेळात ती मकरूह मानली जाते. हलकातून खाली उतरली तर रोजा जातो. याचा सरळ अर्थ ‘महिनाभर ब्रश नको’ असा होत नाही, पण अनेक घरांत तो तसाच घेतला जातो. रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहला प्रिय आहे, या हदीसचाही आधार काही जण दात न घासण्यासाठी घेतात. तो वास उपवासाचा आहे, दातात अडकलेल्या अन्नाचा नाही, असे जाणकार उलेमा सांगत आले आहेत.

मार्ग अगदी सोपा आहे. रात्रीचे शेवटचे खाणे झाले की पेस्टने ब्रश करून फेस थुंकून टाकावा आणि भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. सहरीचे जेवण वेळेआधी दहा मिनिटे संपवावे, पुन्हा ब्रश करावा आणि या वेळी मात्र अजानीआधी तोंड नीट धुऊन घ्यावे. सहरीत गोड आधी आणि पोळी-भाजी, दही किंवा अंडे शेवटी, एवढा क्रम बदलला तरी फरक पडतो. दिवसभर वुजूच्या वेळी मिसवाक आहेच.

दाढ ठणकत असेल तर ईदची वाट पाहू नये. सूज, ताप, तोंड न उघडणे ही लक्षणे थांबण्यासारखी नसतात. मोठ्यांना तपासणी दिवसा आणि उपचार इफ्तारनंतर करून घेता येतात, आणि आजारी माणसाला शरीयतने सवलत दिलीच आहे. लहान मुलाच्या बाबतीत तर रोजाचा प्रश्नही येत नाही. तिथे ‘ईदनंतर’ हा केवळ आळस आहे.

आणखी एक गोष्ट पुरुषांनी ऐकावी अशी. पहाटेपासून मगरिबपर्यंत खर्ऱ्याशिवाय राहणारा माणूस इफ्तारच्या दहाव्या मिनिटाला पुडी उघडतो. चौदा तास जे जमते ते चोवीस तास जमवण्याची इतकी चांगली संधी वर्षात दुसरी येत नाही. घरातल्या बायकांच्या मिश्रीचेही तेच. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर देशात 1992 पासून बंदी आहे. तरीही भाजलेली तंबाखू दाताला लावली की दुखणे थांबते, ही समजूत आजी-नातीपर्यंत चालत आली आहे. ती दुखणे दाबते आणि हिरड्या, गाल, जीभ यांना कर्करोगाच्या वाटेवर नेते.

खुर्ची-ड्रिलविना होणारे काम

वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याचे नाव आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय इथून सुमारे अडीचशे किलोमीटर. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या खेड्यातून मजुरी बुडवून मुलाची दाढ भरायला शहरात जाणे बहुतेकांना परवडत नाही. म्हणूनच गेल्या काही दशकांतल्या संशोधनाची दिशा इथल्यासाठी महत्त्वाची आहे. ते संशोधन दवाखान्याची खुर्ची आणि ड्रिल यांच्याशिवाय काय करता येईल, हे शोधत आले आहे.

स्कॉटलंडने 2006 पासून बालवाड्या आणि शाळांत शिक्षकांच्या देखरेखीखाली रोज फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून घेणारा ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रम उभा केला. 2003 मध्ये तिथे पहिलीच्या 45 टक्के मुलांच्या दातांवर कीड दिसत नव्हती. 2020 मध्ये हे प्रमाण 70 टक्क्यांच्या वर गेले. ब्रश-पेस्टचा खर्च दाढा भरण्या-काढण्याच्या वाचलेल्या खर्चात निघून आला.

दुसरा उपाय सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा. हे द्रावण किडलेल्या जागी ब्रशने लावले की बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. सुई नाही, ड्रिल नाही, काम काही मिनिटांचे. जपानमध्ये ते अनेक दशके वापरात आहे आणि 2021 मध्ये तेही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. न्यूयॉर्कच्या शाळांत झालेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित परिचारिकांनीही ते यशस्वीपणे लावले. खोट एकच, किडलेला भाग कायमचा काळा पडतो. विशेषतः मुलीच्या पुढच्या दाताला काळा डाग पडणे आई-बापांना नको वाटते. तो नकाराचा हक्क त्यांचाच आहे आणि आधी विचारूनच ते लावले पाहिजे. पण मागच्या दुधाच्या दाढेवर काळा डाग की रात्रभर रडणारे मूल, एवढा पर्याय समोर ठेवला तर निवड अवघड नाही.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. शाळकरी मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला आणि दातांचे आजार त्याच्या यादीत आहेत. राज्याने 2023 मध्ये ‘स्वच्छ मुख अभियान’ जाहीर केले आणि सचिन तेंडुलकर त्याचे सदिच्छादूत झाले. पथके आहेत, अभियान आहे, चेहरा आहे. पण तपासणीच्या कागदावर ‘दात किडलेले’ असा शेरा मारून प्रश्न संपत नाही. त्या शेऱ्यानंतर त्याच शाळेत, त्याच महिन्यात काहीतरी घडले पाहिजे. मध्यान्ह भोजनानंतर हात धुण्याच्या रांगेत पाच मिनिटे दात घासणे बसवायला जिल्हा परिषदेला फार मोठा निधी लागणार नाही. मराठी शाळेतही आणि उर्दू शाळेतही.

समाजाने मात्र सरकारची वाट पाहत बसू नये. रमजानमध्ये सदका-खैरातीचा हात सैल असतो. गावोगाव इफ्तारच्या मोठ्या पंगती उठतात. त्यातल्या एका पंगतीच्या खर्चात मोहल्ल्याच्या शाळेला वर्षभर पुरतील एवढे ब्रश आणि पेस्ट येऊ शकतात. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी पाच मिनिटे मुलांच्या दातांवर बोलावे. मकतबमध्ये वुजू शिकवतानाच ब्रश कसा धरायचा, तेही उस्तादांनी शिकवावे. मुले आई-बापांचे ऐकणार नाहीत इतके उस्तादांचे ऐकतात.

हा महिना माणसाला तोंडावर ताबा शिकवतो. काय खावे, केव्हा थांबावे, काय बोलू नये. तीस दिवस पहाटे उठून ठरल्या मिनिटाला घास थांबवणाऱ्या घराला दोन मिनिटांचा ब्रश जड नाही. सुजलेल्या गालाचे ते मूल ईदच्या सकाळी नवे कपडे घालून शीरखुर्म्याच्या वाटीपुढे बसेल. त्याला दोन्ही बाजूंनी चावता यावे, एवढी तयारी त्याच्या घराने आणि शाळेने आतापासून करावी.